वाचनालयाचा सर्व्हर आणि सतरा नोंदी

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी जे वाचनालय आहे, त्याचा सर्व्हर २०२२ च्या मे महिन्यापासून अधूनमधून गोठू लागला. गोठणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. वाचनालयात सगळे ‘हँग होतो’ असे म्हणत, आणि त्या एका शब्दात संगणक संथ होणे, एखादा प्रोग्रॅम अडकणे, नेटवर्क तुटणे आणि यंत्र पूर्णपणे निश्चल होणे ही सगळीच दुखणी कोंबलेली असत. आमचे दुखणे यांपैकी शेवटचे होते. पंखे फिरत असत, पुढचा हिरवा दिवा लागलेला असे, पण पडद्यावरचा कर्सर लुकलुकायचा थांबलेला असे, कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबले तरी त्याचा दिवा लागत नसे आणि काउंटरवरच्या संगणकावरून पिंग केले, म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का’ अशी छोटी हाक मारली, तर उत्तर येत नसे. पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करणे आणि पुन्हा सुरू करणे, एवढाच उपाय उरे.

मी दूरध्वनी केंद्रातून ३१ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालो, वाचनालयाचा आजीव सभासद आहे, आणि लिनक्स ही संगणक चालवणारी मुक्त प्रणाली हौसेने शिकल्यामुळे या यंत्राची देखभाल आपोआपच माझ्याकडे आली. सर्व्हर हे नाव भारदस्त असले तरी प्रत्यक्षात तो जुळवलेला साधा संगणक होता. २०११ साली घेतलेल्या कॅबिनेटमध्ये, त्याच कॅबिनेटबरोबर आलेल्या पॉवर सप्लायवर, २०१९ मध्ये नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम बसवली होती. त्यावर डेबियन लिनक्स आणि कोहा ही ग्रंथालयाची मुक्त प्रणाली चालते. ती मुळात न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झाली आणि तिचे नाव माओरी भाषेतील भेट या अर्थाच्या शब्दावरून घेतले आहे. पुस्तकांची देवघेव, वर्गणी, दाखल नोंदी हे सगळे त्यावरच. २०१९ पासून मे २०२२ पर्यंत हा संगणक रात्री आठ वाजता वाचनालय बंद करताना बंद केला जाई. सभासदांना घरबसल्या पुस्तकांची सूची पाहता यावी, असा ठराव झाल्यानंतर १ मेपासून तो चोवीस तास सुरू ठेवण्यात आला, आणि ९ मे रोजी सकाळी ग्रंथपाल बाईंना तो पहिल्यांदा गोठलेला आढळला. या दोन तारखांचा संबंध मला तेव्हाच दिसायला हवा होता. मीच काय, कोणीही तिकडे पाहिले नाही.

पहिला संशय अर्थातच विजेवर गेला. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर कोणतेही यंत्र बिघडले की आधी विजेला बोल लावला जातो, आणि ते दर वेळी चूक असते असेही नाही. पण वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला तर यंत्र बंद पडेल किंवा पुन्हा सुरू होईल. पंखे फिरत ठेवून निश्चल होणार नाही, असे माझे म्हणणे होते. कार्यवाहांचे समाधान व्हावे म्हणून मी मल्टिमीटर घेऊन सर्व्हरच्या सॉकेटमधील न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजले, तर ते चक्क १४ व्होल्ट भरले. हा आकडा दोन-तीन व्होल्टांच्या आत असावा, अशी अपेक्षा असते. जूनचा पाऊस सुरू होऊन जमीन चिंब ओली असताना एवढे व्होल्टेज दिसते, याचा अर्थ अर्थिंगचा जोडच कुठेतरी सुटलेला असणार, आणि तसेच निघाले. वाचनालयाच्या मागच्या खड्ड्यातील पट्टीचा जोड गंजून गळून पडला होता. वायरमनने नवी पट्टी बसवली, मीठ-कोळशाचे थर पुन्हा भरले आणि व्होल्टेज १.८ वर आले.

त्यानंतर आठ दिवस सर्व्हर एकदाही गोठला नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत माझे कौतुक झाले, चहाबरोबर खारी आली, आणि नवव्या दिवशी पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांनी सर्व्हर गोठला.

वेळ मिनिटापर्यंत सांगता येते, कारण तोवर मी नोंदी ठेवू लागलो होतो. दूरध्वनी केंद्रात अधूनमधून येणाऱ्या दोषाची एक खास ख्याती असते. माणूस खांबाशी पोहोचेपर्यंत लाइन सुरळीत झालेली असते आणि माणूस परत फिरला की ग्राहकाची तक्रार पुन्हा हजर होते. अशा दोषामागे धावायचे नसते, त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायच्या असतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी वरिष्ठांकडून शिकायला मिळाले होते. १४ जूनपासून मी एक रास्पबेरी पाय वाचनालयात आणून ठेवला. हा तळहाताएवढा संगणक दर मिनिटाला सर्व्हरला पिंग करी आणि उत्तर आले नाही तर वेळ टिपून ठेवी. शिवाय देवघेव काउंटरवर एक दोनशेपानी वही ठेवली आणि ग्रंथपाल बाईंना विनंती केली, की सर्व्हर गोठलेला दिसला की तेव्हा कोण काय करत होते, वीज होती का, पाऊस होता का, हे सगळे त्यात लिहावे.

पिंगचीच निवड का केली, तेही सांगतो. पिंगला उत्तर देण्याचे काम लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा त्याचा मूळ भाग, स्वतः करतो, त्यासाठी कोणत्याही प्रोग्रॅमची गरज नसते. डेटाबेस अडकला, मेमरी संपली किंवा डिस्क फार मंदावली, तरी पिंगचे उत्तर बहुधा येत राहते. ज्या अर्थी पिंगही थांबते आणि कॅप्स लॉकचा दिवाही हलत नाही, त्या अर्थी कर्नलच जागचा हललेला नाही. या एका निरीक्षणामुळे कोहा, डेटाबेस आणि वेब सर्व्हर हे तीन संशयित पहिल्याच आठवड्यात बाजूला झाले. तरीही गावातील संगणक दुरुस्तीवाल्या तरुणाचा सल्ला ‘काका, एकदा फॉरमॅट मारून टाकू या’ असाच होता. फॉरमॅट मारणे हे आपल्याकडे संगणकाचे सत्यनारायण आहे. कशानेही काही बिघडले तरी घालून घ्यावे आणि मनाला बरे वाटावे.

नंतर मी कर्नलच्या लॉगकडे, म्हणजे यंत्र स्वतःहून लिहीत असलेल्या नोंदींकडे वळलो. गोठण्याच्या आधीच्या शेवटच्या ओळी पाहिल्या तर त्यांत काहीच नव्हते. कोणी तरी सूचीत शोध घेतलेला, घड्याळ जुळवले गेलेले, आणि मग थेट सकाळच्या पुन्हा सुरू होण्याच्या ओळी. परंतु या शांततेवर लगेच विश्वास ठेवता येत नाही. लिनक्समधील सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा लॉग लिहिणारा भाग साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला मूळ मांडणीप्रमाणे ५ मिनिटांपर्यंत वेळ घेतो. फक्त अतिगंभीर नोंदी ताबडतोब पक्क्या होतात. म्हणजे यंत्र मरताना जे काही बोलले असेल ते कागदावर उतरण्याआधीच हरवू शकते. यावर उपाय म्हणून मी नेटकन्सोल सुरू केले. या सोयीमुळे कर्नलचे संदेश डिस्कला वळसा घालून थेट नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडे जातात. आमच्या बाबतीत ते त्याच रास्पबेरी पायकडे जाऊ लागले. ही व्यवस्था खरोखर चालते का, हे आधी पाहून घेतले. संदेशांची पातळी वाढवून सर्व्हरला पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्या ओळी पलीकडे उमटल्याची खात्री केली. मोजमापाचे साधन न तपासता त्याच्या मौनाला अर्थ देणे धोक्याचे असते.

त्यानंतरच्या दोन्ही गोठण्यांच्या वेळी नेटकन्सोलवर एक अक्षरही आले नाही. कीबोर्डवरून कर्नलला थेट आज्ञा देण्याची सिस-आरक्यूची जी सोय असते, तिला सगळी मुभा आधीच देऊन ठेवली होती. तिलाही प्रतिसाद नव्हता. कर्नलला स्वतःच्या एखाद्या चुकीची जाणीव झाली असती तर त्याने आक्रोश केला असता. इथे तो वाक्याच्या मध्येच थांबत होता. हार्डवेअरखेरीज असे दुसरे काय करू शकेल, ते मला सुचेना.

हार्डवेअरकडे वळताना एक चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली. दुरुस्तीवाल्या तरुणाने एकाच फेरीत रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली आणि एका हार्ड डिस्कची साटा केबलही नवी घातली. शेवटच्या कामाला निमित्त मीच दिले होते, कारण स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीचा जो ठेवते त्या अहवालात तिच्या सीआरसी त्रुटींचा, म्हणजे माहितीची ने-आण होताना झालेल्या चुकांचा आकडा ३७ दिसत होता, आणि या त्रुटी बहुतेक वेळा केबलमुळे येतात. तिन्ही कामे योग्यच होती, पण ती एकदम झाली. दोनच दिवसांनी सर्व्हर पुन्हा गोठला म्हणून बरे. नाहीतर तिघांपैकी श्रेय कोणाला द्यायचे, हा नवा प्रश्न उभा राहिला असता.

मग मी एकेक गोष्ट तपासली. सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते, तेव्हा रविवारी रात्री मेमटेस्ट लावून २२ तास रॅम तपासली. एकही चूक निघाली नाही. डिस्कच्या दीर्घ तपासण्या केल्या, त्या स्वच्छ निघाल्या. केबल बदलल्यावर सीआरसीचा आकडा ३७ वरच राहिला, जे अपेक्षितच होते, कारण तो कमी कधी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. तापमान ४० अंशांच्या आसपास. प्रोसेसरने स्वतःहून नोंदवलेली हार्डवेअर त्रुटी, जिला मशीन चेक म्हणतात, ती एकही नाही. मग प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांना (कोअरना) सलग सहा तास पूर्ण भार देणारी चाचणी चालवली. पंख्यांचा आवाज वाचनकक्षापर्यंत येत होता, वर्तमानपत्रे वाचणारे ज्येष्ठ सभासद त्रासिक चेहऱ्याने आत डोकावत होते, आणि सर्व्हर ठणठणीत होता.

इथे मी सुमारे महिनाभर अडकलो. प्रत्येक चाचणीत यंत्र उत्तीर्ण होत होते आणि चाचणी संपली की दोन-चार दिवसांत पहाटे गोठत होते. दरम्यान सभासदांची गैरसोय होऊ नये म्हणून १ ऑगस्टपासून मदरबोर्डवरचा वॉचडॉग सुरू केला. हे एक स्वतंत्र घड्याळ असते. लिनक्सने ठरावीक वेळात त्याला हात लावला नाही तर ते यंत्र परस्पर पुन्हा सुरू करते. त्यामुळे गोठलेला सर्व्हर दोन-तीन मिनिटांत आपला आपण उठू लागला, सकाळी काउंटरवर सगळे सुरळीत दिसू लागले आणि प्रश्न सुटल्याची भावना पसरली. कार्यवाहांनी विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेतून काढूनही टाकला. मला मात्र रास्पबेरी पायच्या नोंदींत तेच खंड दिसत होते. एकदा तर अशा अवेळी पुन्हा सुरू होण्यात कोहाची शोधसूची बिघडली आणि ती नव्याने बांधावी लागली. वॉचडॉग ही तापावरची गोळी आहे. मी ती दिली आणि वही मिटली नाही.

कोंडी फुटली ती ग्रंथपाल बाईंच्या एका वाक्याने. जुलैमध्ये वाचनालयाने जुन्या नियतकालिकांची काही पाने स्कॅन केली होती आणि त्यांतील मजकूर ओळखण्याचे काम टेसरॅक्ट या प्रणालीने सर्व्हरवरच करायचे ठरले होते. १६ ते २६ जुलै असे ११ दिवस ते काम रात्रंदिवस चालले, आणि ते सुरू करताना मी सर्वांना बजावले होते, की आता हा नक्की दोन-तीनदा गोठणार, तेव्हा जमलेल्या मजकुराच्या प्रती रोज काढत जा. ऑगस्टच्या अखेरीस वहीची पाने चाळताना बाई म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही एवढी भीती घातली होती, पण त्या अकरा दिवसांत एकही नोंद नाही. आणि खरे सांगू का, आम्ही काउंटरवर असताना हा कधी पडल्याचे मला तरी आठवत नाही.’’

मी वही आणि पायच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या. १४ जून ते ३१ ऑगस्ट या काळात एकूण १७ नोंदी होत्या. १२ रात्री नऊ ते सकाळी सात या वेळातल्या, ३ सोमवारच्या सुट्टीतल्या, १ दुपारच्या बंद वेळेतली, आणि १ सकाळी ११ वाजून १० मिनिटांची, म्हणजे ऐन देवघेवीच्या वेळची. ही सतरावी नोंद सगळा हिशेब बिघडवत होती. तिच्यासमोर वहीत बाईंनी ‘जाळी काढणे चालू’ असे लिहिले होते. शिपायाला विचारले तेव्हा कळले, की कुंचा लागून नेटवर्क स्विचचा अडॅप्टर सैल झाला होता आणि त्याने तो परत खोचला होता. सर्व्हरच्या पुन्हा सुरू होण्याच्या नोंदी पाहिल्या तर त्या दिवशी तो बंद पडलेलाच नव्हता. उरल्या १६.

आता साधा हिशेब. काउंटर सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी चार ते आठ उघडा असतो. दिवसाला ७ तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे १६८ पैकी ४२ तास, बरोबर पाव हिस्सा. गोठणे खरोखर कोणत्याही वेळी होत असते तर १६ पैकी चारेक वेळा ते काउंटरच्या वेळेत व्हायला हवे होते. एकदाही झाले नव्हते. केवळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता शंभरात एक एवढीच येते. ज्याला आम्ही तीन महिने ‘केव्हाही’ म्हणत होतो, त्याला वेळापत्रक होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर १२ वाजून ५७ मिनिटांनी दोन्ही डिस्कची आपोआप पडताळणी सुरू होते आणि ती पहाटेपर्यंत चालते. जुलै आणि ऑगस्टमधल्या त्या दोन्ही रात्रीही कोऱ्या होत्या. सर्व्हर काम असताना गोठत नव्हता. त्याला काहीही काम नसताना तो गोठत होता.

माझ्या सगळ्या चाचण्या का उत्तीर्ण झाल्या, तेही यात आले. मेमटेस्ट चालू असते तेव्हा प्रोसेसर एक क्षणही रिकामा नसतो. भाराच्या चाचणीचा तर हेतूच तो. मी दुखणे शोधण्यासाठी जे जे करत होतो, त्या प्रत्येकाने ते तेवढ्यापुरते थांबत होते.

रिकामपणी प्रोसेसर काय करतो, याकडे मी तोवर कधी लक्ष दिले नव्हते. त्याच्या विश्रांतीच्या पायऱ्या असतात, त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी-० म्हणजे काम चालू. सी-१ म्हणजे थांबलेला, पण हाकेला तत्काळ ओ देणारा. आणि सी-६ ही गाढ झोप, जिच्यात प्रोसेसरच्या गाभ्यातील माहिती बाजूला जपून ठेवून त्या गाभ्याचा वीजपुरवठाच जवळजवळ तोडला जातो. एखादा गाभा झोपला तर फारसे बिघडत नाही. पण रात्री सर्वच गाभे एकदम झोपले की प्रोसेसरला लागणारा विद्युतप्रवाह एकाएकी अगदी क्षीण होतो, आणि कोणी हाक मारली की क्षणार्धात पुन्हा वाढतो. हा चढउतार सोसण्याची जबाबदारी पॉवर सप्लायवर येते.

आमचा पॉवर सप्लाय २०११ चा होता, आणि इथे त्या वर्षाला महत्त्व आहे. २०१३ साली इंटेलचे हॅसवेल पिढीचे प्रोसेसर बाजारात आले, तेव्हा पॉवर सप्लाय बनवणाऱ्यांमध्ये मोठी चर्चा झाली होती. प्रोसेसरला वीज देणाऱ्या १२ व्होल्टांच्या वाहिनीवर त्याआधी किमान अर्धा अँपिअर प्रवाह घेतला जाईल असे धरले जाई. नव्या प्रोसेसरच्या गाढ झोपेत तो ०.०५ अँपिअरपर्यंत, म्हणजे दहाव्या हिश्शावर येणार होता. एवढ्या कमी प्रवाहावर व्होल्टेज काबूत ठेवण्याची रचना जुन्या स्वस्त पॉवर सप्लायमध्ये नसे. आमचा प्रोसेसर हॅसवेलच्याही नंतरचा आणि पॉवर सप्लाय आधीचा, अशी ही जोडी आम्हीच २०१९ मध्ये काटकसरीने लावून दिली होती. जोडताना ४५० वॅटचा आकडा पाहून मी स्वतः ‘भरपूर आहे’ असे म्हटल्याचे मला आठवते. जास्तीत जास्त किती वीज मिळेल हे मी पाहिले. कमीत कमी किती घेतलेली त्याला चालते, हे विचारायचे असते हेच मला माहीत नव्हते.

संशय पक्का असला तरी पुरावा वेगळा मिळवावा लागतो, आणि इथे वहीचा पुन्हा उपयोग झाला. मजकूर ओळखण्याचे ११ दिवस वगळले तर ६८ दिवसांत १६ वेळा, म्हणजे सरासरी सव्वाचार दिवसांना एकदा सर्व्हर गोठत होता. या गतीने जाणाऱ्या यंत्रात एखादा पूर्ण आठवडा काहीही न करता सुरळीत जाण्याची शक्यता पाचात एक असते. अर्थिंगनंतरचे ते आठ दिवस आणि ती खारी याच हिशेबातली होती. त्यामुळे कोणताही उपाय केला तरी किमान अडीच आठवडे थांबल्याशिवाय काही बोलायचे नाही, असे मी ठरवले.

३ सप्टेंबरला पॉवर सप्लायला हात न लावता मी फक्त गाढ झोपेची पायरी बंद केली. लिनक्समध्ये हे यंत्र चालू असतानाच करता येते, प्रत्येक गाभ्यासाठी एका छोट्या फाइलमध्ये १ लिहावा लागतो. पायऱ्यांची नावे मात्र फसवी असतात. लिनक्सच्या यादीत सी-२ म्हणून दिसणारी पायरी आमच्या यंत्रात प्रत्यक्ष त्या गाढ झोपेकडेच नेत होती. १९ दिवस गेले, एकही खंड नाही. मग मी ती पायरी पुन्हा सुरू करणार असल्याचे सांगितले, तेव्हा कार्यवाहांच्या कपाळाला आठी पडली.

‘‘आता बंद पडत नाही ना? मग मुद्दाम पुन्हा बंद कशाला पाडायचा?’’

‘‘पाडून पाहिला नाही, तर तो याच कारणाने पडत होता हे कळणार कसे?’’

‘‘कळून करायचे काय आहे?’’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी त्यांचे बरोबरही होते. एक रात्रीची मुदत मागून मी तीन रात्री मिळवल्या. २२ सप्टेंबरला पायरी पुन्हा सुरू केली, आणि २४ तारखेला पहाटे सव्वादोनला सर्व्हर गोठला. एवढ्या समाधानाने मी आयुष्यात दुसरा कोणताही बिघाड वहीत लिहिला नसेल.

मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मूळ मांडणीत, खोलवर ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाची एक निवड सापडली. ती ‘ऑटो’वर होती; तिथे ‘लो करंट आयडल’ आणि ‘टिपिकल करंट आयडल’ असे आणखी दोन पर्याय होते. ज्यांचे पॉवर सप्लाय अतिक्षीण प्रवाह सोसू शकत नाहीत, त्यांच्यासाठीच शेवटचा पर्याय असतो. म्हणजे हे दुखणे बोर्ड बनवणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते, फक्त त्याचे औषध त्यांनी चौथ्या कप्प्यात ठेवले होते. २५ सप्टेंबरला तो पर्याय निवडला आणि लिनक्समध्ये सर्व काही पूर्ववत ठेवले. सहा आठवडे गेले. मध्ये दिवाळीत वाचनालय सलग चार दिवस बंद होते, यंत्राला अक्षरशः काडीचे काम नव्हते, आणि मी नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाआधी मोबाइलवर पायच्या नोंदी पाहिल्याचे घरी अजून ऐकवले जाते. खंड नव्हता.

इथेच थांबता आले असते. मात्र प्लगमध्ये लावायच्या मीटरवर पाहिले, तर निवांत असताना सर्व्हर आता ३८ ऐवजी ४६ वॅट घेत होता. ८ वॅटचा हा फरक वर्षाला ७० युनिट होतो. वाचनालयाला तो फार जड नव्हता, पण सदोष भागासाठी दरवर्षी भरावे लागणारे भाडे म्हणून मला तो खुपत होता, आणि दुसरे असे, की ११ वर्षांचा पॉवर सप्लाय आज केवळ झोपेत दगा देतो तो उद्या जागेपणीही देईल. कार्यकारिणीने साडेतीन हजारांच्या आतला खर्च मंजूर केला. कोल्हापूरहून नवा पॉवर सप्लाय आला, ज्याच्या माहितीपत्रकात प्रोसेसरच्या खोल झोपेच्या अवस्था चालतील असे स्पष्ट लिहिले होते. नोव्हेंबरच्या मध्यावर तो बसवला आणि बायोसमधील निवड पुन्हा ‘ऑटो’वर आणली. डिसेंबरअखेरपर्यंतच्या ४५ दिवसांत वहीत सर्व्हर गोठल्याची एकही नोंद झाली नाही.

जुना पॉवर सप्लाय मी घरी नेऊन उघडला. हे काम ज्याने त्याने करू नये, कारण आतील मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो. माझा हात यात बसलेला आहे, तरीही मी तो दोन दिवस तसाच ठेवला होता आणि उघडल्यावर आधी मल्टिमीटर लावून पाहिला. बाहेर जाणाऱ्या बाजूच्या दोन कपॅसिटरांचे सपाट माथे वर फुगलेले होते. गंमत म्हणजे जुलैमध्ये सर्व्हर निवांत असताना मी याच वाहिनीचे व्होल्टेज मोजले होते आणि ते १२.४ भरल्यामुळे पॉवर सप्लायला निर्दोष ठरवले होते. ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा आहे, आकडा तिच्या आत होता. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. झोपेतून उठताना सेकंदाच्या हजाराव्या भागात येणारा धक्का त्याला दिसत नाही, हे मला नोकरीत असताना पाठ होते.

ग्रंथपाल बाईंनी नंतर आणखी एक गोष्ट सांगितली. २०२० आणि २०२१ मध्येही दुपारच्या सुट्टीनंतर चार वाजता वाचनालय उघडले, की संगणक अडकलेला असे काही वेळा घडले होते. तेव्हा वीज गेली असेल असे समजून त्यांनी तो परत सुरू केला होता आणि ते लिहून ठेवण्यासाठी तेव्हा वही नव्हती.

जुना पॉवर सप्लाय आता वाचनालयाच्या माळ्यावर आहे. तो भंगारात देऊन टाकावा असे मी सुचवले होते, परंतु जडसंग्रह नोंदवहीत २०११ च्या संगणकासोबत त्याची नोंद असल्यामुळे निर्लेखनाचा ठराव झाल्याशिवाय तो हलवता येत नाही. तोवर कोणी तो उपयोगी समजून दुसऱ्या संगणकाला जोडू नये, म्हणून त्याच्यावर पुठ्ठा बांधून मी ‘नादुरुस्त, फक्त रात्री’ असे लिहिले होते. कार्यवाहांनी त्यातील शेवटचे दोन शब्द खोडायला लावले.